फुलांवरचे हमिंगबर्ड : फ्लॅश न वापरता फोटो काढण्याबद्दल

केतकी_सनीवेल

'आज काय टिपलं' धाग्यावर अ‍ॅनाज हमिंगबर्डचे फोटो टाकल्यापासून बरेच जण सेटिंग विचारताहेत. दोन ओळींत सांगून भागणार नाही, म्हणून हा वेगळा धागा काढते. मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला राहते. इथे अ‍ॅनाज बारा महिने असतात, शिवाय जानेवारी-फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत अ‍ॅलन्स ही दुसरी जात येते. सगळे फोटो घरामागच्या अंगणातल्या फुलांवरचे आहेत. फ्लॅश नाही, साखरपाण्याची बाटलीही नाही.

सेटिंग सांगतेच, पण आधी उजेडाचं बोलू. या पक्ष्याच्या गळ्याची झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसांच्या आत हवेच्या पोकळ्या असलेल्या अतिसूक्ष्म चकत्यांचे थर असतात. त्यांवरून परतणाऱ्या किरणांपैकी ठरावीक रंगाचेच किरण एकमेकांना बळ देतात आणि गळ्याची पिसं तो रंग एका अरुंद दिशेलाच फेकतात. म्हणून अ‍ॅनाजचा नर समोर बसलेला असताना त्याचं डोकं काळंकुट्ट दिसतं. त्याने मान जराशी वळवली की टाळूपासून गळ्यापर्यंत झगझगीत गुलाबी पेटतं आणि पुढच्या क्षणी सगळं विझतं. पाठीचा हिरवाही असाच तयार होतो, पण तो बऱ्याच कोनांतून दिसतो, त्यामुळे पाठ तेवढी दगा देत नाही. थोडक्यात, ऊन आपल्या पाठीशी हवं आणि पक्ष्याचं तोंड साधारण आपल्याकडे. नाहीतर लेन्स कितीही महागडी असू दे, गळा काळाच येणार.

आता पक्ष्याचं तोंड आपल्याकडे यायचं कसं? ते फूल ठरवतं. नळीसारख्या फुलाचं तोंड जिकडे, तिकडून पक्षी येणार आणि फुलाकडे बघत तरंगणार. जे फूल आपल्याकडे छान तोंड करून उभं आहे, त्यावर आलेल्या पक्ष्याची आपल्याला पाठच मिळते. ज्या फुलाचं तोंड आडवं किंवा आपल्यापासून किंचित पलीकडे वळलेलं आहे, त्यावर पक्षी पाऊण चेहरा दाखवतो. मी सकाळी चहा घेऊन आधी नुसती झाडांभोवती फिरते आणि असा तुरा शोधते. वाफ्याच्या कडेचा, बाकीच्यांपेक्षा उंच गेलेला आणि मागे पाच-सहा मीटर काही नसलेला तुरा सर्वांत चांगला. माझ्याकडे 'हॉट लिप्स' साल्व्हिया, मेक्सिकन बुश सेज, पेनस्टेमन आणि उन्हाळ्याच्या शेवटी फुलणारी कॅलिफोर्निया फ्यूशिया आहे. त्यातली फ्यूशिया मला सर्वांत आवडते. पानं राखाडी असल्यामुळे शेंदरी फूल आणि गुलाबी गळा दोन्ही उठून दिसतात.

तुरा ठरला की खुर्ची टाकून बसायचं. पक्ष्याच्या मागे लेन्स फिरवत पळायचं नाही. मधुरस पुन्हा भरला की पक्षी त्याच फुलांवर परत येतो, आणि नर तर स्वतःच्या झाडाची राखण करत जवळच्याच एखाद्या उघड्या काटकीवर बसून असतो. ती काटकी एकदा ओळखीची झाली की तो उडताक्षणी कॅमेरा डोळ्याला लावता येतो.

चोच फुलात असताना बटण दाबायची घाई करू नका. त्या वेळी अर्धा चेहरा पाकळ्यांत असतो. चोच बाहेर काढून तो दोन-तीन इंच मागे सरकतो, हवेत लटकतो आणि पुढचं फूल हेरतो. फोटो तो. कधी कपाळावर परागांचा पिवळा शिक्का दिसतो, कधी चोचीच्या टोकाला जिभेचा पारदर्शक धागा अजून आत जायचा असतो.

सेटिंग : मॅन्युअल मोड, शटर १/३२०० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ ५.६. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ४०० पुरतो, पातळ ढगात १६००, मोकळ्या सावलीत ३२००. सर्वांत जास्त सांभाळायचा तो लाल रंग. उन्हात पेटलेला गळा सरासरी हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) ठीक वाटतो, पण लाल चॅनेल कधीच फुटलेला, म्हणजे मर्यादेपलीकडे उजळलेला असतो आणि मग पिसं न दिसता नुसता गुलाबी डाग उरतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल उजव्या भिंतीला टेकत असेल तर दोन-तृतीयांश स्टॉप खाली या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा).

रानवाटा

केतकीताई, फूल कुठे तोंड करून आहे हा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. आमच्याकडे शिंजीर टिपताना मी नेमकं आपल्याकडे बघणारं फूल निवडत आलोय आणि पाठीचेच फोटो जास्त आहेत. आता उलगडा झाला.

एक प्रश्न. १/३२०० ला पंख गोठतात का? तुमच्या दुसऱ्या फोटोत पंखांची टोकं पुसट आहेत आणि मला तो फोटो जास्त जिवंत वाटला.

केतकी_सनीवेल

पूर्ण गोठत नाहीत. हिशेब करून बघ. पंख साधारण ५ सेंटीमीटरचा, तरंगताना सेकंदाला ४०-४५ फडफडी, आणि प्रत्येक फडफडीत टोक एकदा पुढे, एकदा मागे मोठा कंस काढतं. टोकाचा सरासरी वेग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास येतो. १/१००० ला टोक एक सेंटीमीटर सरकलेलं असतं, १/३२०० ला तीन मिलिमीटर. पण पंख प्रत्येक फेरीच्या दोन्ही टोकांना दिशा बदलताना क्षणभर थांबतो. बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून एकामागोमाग घेतलेल्या फोटोंत, एखादी फ्रेम त्या थांब्यावर सापडली की पीस न् पीस दिसतं.

मला स्वतःला टोकं थोडी पुसट असलेलीच आवडतात. डोळा, चोच आणि गळा धारदार हवा, तिथे तडजोड नाही. पंख दगडासारखे थिजले की तो पक्षी तारेवर टांगल्यासारखा दिसतो.

अमोल_एडिसन

छान धागा. न्यू जर्सीचं थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो. पूर्व अमेरिकेत वीण करणारा हमिंगबर्ड एकच, रुबी-थ्रोटेड. आमच्याकडे तो एप्रिलच्या अखेरीला येऊ लागतो आणि सप्टेंबरात जातो. त्यातही नर आधी निघतात. सप्टेंबरात अंगणात गर्दी दिसते ती बहुतेक माद्या आणि त्या वर्षीच्या पिल्लांची, आणि त्यांचा गळा पांढरा. लाल गळ्याचा फोटो हवा असेल तर मे-जूनमध्येच काढून घ्यायचा.

फुलांचा क्रम असा : सुरुवातीला ट्रम्पेट हनीसकल, जुलैत बी बाम, मग कार्डिनल फ्लॉवर आणि शेवटी ओढ्याकाठी ज्वेलवीड. ही ज्वेलवीड आपल्या तेरड्याच्या कुळातली. फूल नारिंगी, देठाला दोऱ्याने टांगल्यासारखं. पक्षी दक्षिणेकडे निघायच्या सुमाराला ती ऐन बहरात असते. जाण्याआधी तो तीन ग्रॅमचा जवळजवळ सहा ग्रॅम होतो, त्यातले बरेचसे मग मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. ऑगस्टच्या अखेरीचे फोटो बघितले तर छाती-पोट गोल झालेलं स्पष्ट दिसतं.

ज्वेलवीड नेहमी सावलीत, त्यामुळे तिथे तुमचा तिसरा आकडा लागतो, आयएसओ ३२००. आणि झाडाखाली सगळ्यावर हिरवट झाक येते. पांढरा गळा हिरवा दिसायला लागला की व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणूनचं रंगाचं सेटिंग) हाताने लावायला लागतो. मी त्याच सावलीत पांढरा कागद धरून एक फ्रेम घेऊन ठेवतो.

केतकी_सनीवेल

पांढऱ्या कागदाबद्दल +१. मादीचा पांढरा गळा सावलीत फार सुंदर येतो, तिच्यासाठी कडक ऊन नकोच. गळा पेटवायचा असेल तर ऊन आणि पिसांतली नक्षी दाखवायची असेल तर पातळ ढग, असं मी धरून चालते. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी समुद्रावरून ढगांचं आवरण आत येतं. ते विरळ होत जाण्याचा जो अर्धा-एक तास असतो, तो मी सहसा चुकवत नाही. दुपारनंतर वारा सुटतो आणि तुरे हलायला लागतात, मग काही खरं नाही.

भटका_लेन्सवाला

मी कोस्टा रिकाला जाऊन आलोय, तिथलं सांगतो. काही ठिकाणी टेबलावर फूल, त्यात सिरिंजने साखरपाणी, मागे छापलेली हिरवी पार्श्वभूमी आणि चार-सहा फ्लॅश अशी मांडणी करून देतात. फ्लॅश अगदी कमी ताकदीवर ठेवला की त्याची लकाकी सेकंदाच्या काही हजाराव्या नव्हे, दहा-वीस हजाराव्या भागाची होते, म्हणून पंख ठार गोठतात. फोटो निर्दोष येतात हे खरं. पण पाच जण शेजारी बसले होते आणि पाचही जणांकडे एकच फोटो होता.

त्यापेक्षा मला सान हेरार्दो दे दोताच्या खोऱ्यात जास्त मिळालं. रस्त्याच्या कडेला फुलांच्या झुडपांपाशी नुसतं उभं राहायचं. थोडं वर, डोंगरमाथ्याच्या बाजूला फायरी-थ्रोटेड हमिंगबर्ड आहे. बाजूने बघितलं तर साधा गडद हिरवा पक्षी. तो समोर आला आणि वरून आभाळाचा उजेड बरोबर पडला की गळ्यावर तांबडा, केशरी, पिवळा, निळा सगळे एकदम.

केतकी_सनीवेल

फ्लॅशच्या कामाला मी कमी लेखत नाही. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात स्ट्रोबने (झटपट लकाकणाऱ्या फ्लॅशने) हमिंगबर्ड टिपले. १९५० च्या दशकात ड्यूपाँट या रसायन कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी खास अतिजलद फ्लॅश बनवून घेतला आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत जाऊन फोटो काढले. त्या काळच्या फिल्मवर नैसर्गिक उजेडात हे होणंच शक्य नव्हतं. पिसांच्या रंगाचं भौतिकशास्त्र समजण्यातही ग्रीनवॉल्ट यांचा वाटा मोठा आहे.

पण आज आयएसओ ३२०० ला स्वच्छ फाइल मिळते. मग सगळ्या बाजूंनी फ्लॅश लावून गळा कायम पेटलेला दाखवायचा कशाला? अंगणात बसलेल्या माणसाला तो कधीच तसा दिसत नाही. तो क्षणभर पेटतो आणि विझतो, आणि मला ते तसंच्या तसं हवं असतं.

खारूताई

ताई, मी ह्यूस्टनला नवीन आहे. अंगण नाही, बाल्कनी आहे. बाटली लावली तर चालेल का? साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तर पक्ष्याला जास्त चांगलं ना?

केतकी_सनीवेल

बाटली जरूर लाव, पण गूळ आणि मध अजिबात नको. आपल्याला चांगलं ते त्यांना चांगलं असं नाही. मधाच्या पाण्यात बुरशी झपाट्याने वाढते. गुळात आणि तपकिरी साखरेत लोह असतं आणि ते या पक्ष्यांच्या अंगात साठून त्रास होतो. साधी पांढरी साखर एक वाटी, पाणी चार वाट्या, बस. लाल रंग घालू नकोस, बाटलीचा लाल भाग पुरेसा असतो. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात पाणी दर एक-दोन दिवसांनी बदलायचं आणि बाटली गरम पाण्याने घासायची. आत काळे ठिपके दिसले तर घासून पूर्ण स्वच्छ होईपर्यंत भरायची नाही.

फोटोसाठी मात्र दोन-तीन कुंड्या ठेव. पाइनॅपल सेज किंवा कुठलीही लाल साल्व्हिया कुंडीत छान येते. कुंडीचा मोठा फायदा म्हणजे ती फिरवता येते. तुरा पाहिजे त्या दिशेला, पाहिजे त्या उजेडात. जमिनीतल्या झाडाला हे सुख नाही.

अमोल_एडिसन

एक विचारू का? बाटलीच्या शेजारी फुलाची फांदी बांधायची, पक्षी बाटलीवर यायच्या आधी हवेत थांबतो तेव्हा फांदीसकट फोटो घ्यायचा, असं बरेच जण करतात. यात गैर काय?

केतकी_सनीवेल

गैर काही नाही, खाली तसं लिहिलं म्हणजे झालं. माझा आक्षेप वेगळा आहे. बाटलीपाशी पक्षी वेगळा वागतो. बाटलीवर मान सरळ ठेवून एकाच जागी पीत राहतो. फुलावर तो मान तिरकी करतो, खालून वर घुसतो, कधी शेपूट पसरून तोल सावरतो. एका फुलातून थेंबभर मिळतं आणि दिवसाला शेकड्यांनी फुलं करायची असतात. ती धांदल फोटोत उतरते. काळ्या-निळ्या साल्व्हियाच्या फुलांना भुंगे बुडाशी भोक पाडून ठेवतात, तर हे महाशय सरळ त्या भोकातूनच पितात. हे बाटलीवर कुठून दिसणार!

खऱ्या फुलात सिरिंजने साखरपाणी सोडायचं मात्र नको. फुलात ते आंबतं.

सुधाकर_कोथरूड

ताई, मी निवृत्त शिक्षक, पुण्यात असतो. आमच्या गच्चीवर रोज सकाळी एक हमिंगबर्ड येतो, हमेलियाच्या फुलांत चोच घालतो. मोबाइलवर फोटो घेतलाय, खाली जोडतो. आपल्याकडे हे पक्षी कधीपासून आले?

रानवाटा

काका, फोटो सुंदर आहे, पण हा जांभळ्या पाठीचा शिंजीर, नर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, भारतात एकही जात नाही. त्यांचे फार पूर्वीचे, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे सांगाडे मात्र जर्मनीत सापडलेत. शिंजीर वेगळ्याच कुळातला. मधुरसासाठी दोघांची चोच लांब होत गेली, एवढंच साम्य. शिंजीर बहुतेक वेळा फांदीला धरून बसून पितो, क्वचित क्षणभर तरंगतो. संध्याकाळी फुलांसमोर तरंगताना दिसलं आणि पुढे सोंड, डोक्यावर मिशा असतील तर तो पतंग. त्यालाही बरेच जण हमिंगबर्ड समजतात.

गंमत म्हणजे तुमची हमेलिया मूळची अमेरिका खंडातली आणि तिकडे तिच्यावर हमिंगबर्डच येतात.

केतकी_सनीवेल

काका, या धाग्यातलं जवळजवळ सगळं तुमच्या गच्चीवर लागू आहे. शिंजिराच्या गळ्याची आणि डोक्याची चमकही उजेडाच्या कोनावरच असते. जांभळा शिंजीर तर सावलीत निव्वळ काळा दिसतो. सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर घ्या, हमेलियाचा कडेचा घोस निवडा आणि खुर्ची टाकून बसा. उलट तुमचं काम सोपं आहे. तो बसून पितो, म्हणजे १/८०० शटरही पुरेल आणि आयएसओ बराच खाली येईल. रसेलिया असेल तर तिच्यावरही येतात, आणि तीसुद्धा मेक्सिकोकडचीच.

सुधाकर_कोथरूड

आभारी आहे. हमिंगबर्ड नाही म्हणून क्षणभर वाईट वाटलं, पण रोज येणारा पाहुणा कोण ते कळलं याचा आनंद जास्त आहे. मुलाकडे जुना कॅमेरा आहे, तो मागवतो.

निखिल_डीएसएलआर

नवीन मिररलेस कॅमेरा घेतलाय. इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला तीस फ्रेम मिळतात, पण पंख रबरासारखे वाकडे येतात. शटर १/४००० होतं. कॅमेरा खराब आहे का?

केतकी_सनीवेल

खराब नाही. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो. प्रत्येक ओळ १/४००० ची असते, पण सगळ्या ओळी वाचायला साध्या सेन्सरला १/३० सेकंद लागू शकतो. तेवढ्यात पंखाची एक फडफड पुरी होऊन दुसरी सुरू झालेली असते. मग पंखाचा वरचा भाग एका क्षणाचा, खालचा दुसऱ्या. स्टॅक्ड (फार झटपट वाचला जाणारा) सेन्सर असलेले कॅमेरे हेच काम १/२५० च्या आसपास उरकतात, तिथे ही अडचण फारशी जाणवत नाही. तू मेकॅनिकल शटर लाव. फ्रेम कमी मिळतील, पंख सरळ येतील.

अजून एक, अंतर बघ. ४०० मिलिमीटरच्या लेन्सला तीन मीटरवरून एफ ५.६ ला जेमतेम दोन सेंटीमीटर खोली फोकसमध्ये असते आणि पक्षी दहा सेंटीमीटरचा. म्हणून डोळा आणि चोच एका पातळीत येतील अशी बाजू धरायची. लेन्स किती जवळचं पकडते तेही तपास. सोनीची २००-६०० अडीच मीटरच्या आत येत नाही असं धर. जवळ जायचं असेल तर मध्ये एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लागेल. फोकस आधीच तुऱ्यावर लावून ठेव, नाहीतर पक्षी येताक्षणी कॅमेरा मागच्या कुंपणावर जाऊन बसतो.

मुग्धा_सिअ‍ॅटल

आमच्याकडे अ‍ॅनाज आता हिवाळाभर असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहाच्या पलीकडे वीण करत नव्हते. बागांमधली फुलं आणि बाटल्या यांच्या आधाराने ते वर सरकत कॅनडात पोचले. त्यामुळे इथल्यांना एक विनंती. थंडीच्या रात्री हे पक्षी शरीराचं तापमान खूप खाली आणून पडून राहतात आणि पहाटे त्यांच्या अंगात जेमतेम जीव असतो. उजेड सुंदर आहे म्हणून त्या वेळी फुलाला किंवा बाटलीला चिकटून बसू नका. पहिला अर्धा तास त्याला निवांत खाऊ द्या.

घरट्यांचंही तेच. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं अर्ध्या अक्रोडाएवढं घरटं दिसलं की मोह होतो. समोरची पानं बाजूला करून फोटो काढले की ते इतर पक्ष्यांना उघडं पडतं. शिवाय १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने या सगळ्या जातींना संरक्षण आहे.

केतकी_सनीवेल

मुग्धा, शंभर टक्के. घरट्याचे फोटो या धाग्यावर कोणी टाकू नयेत असं मीही सुचवते. फुलांचे हवे तेवढे टाका. फक्त फोटोखाली फूल कोणतं, ऊन होतं की सावली, आणि उजेड कुठल्या बाजूने होता एवढं लिहा. शटर-आयएसओचे आकडे फाइलमध्ये असतातच, उजेडाची दिशा नसते.

खारूताई

पाइनॅपल सेज मिळाली नाही, नर्सरीत लाल साल्व्हिया कॉक्सिनिया मिळाली, तीच आणली. कुंडी पूर्वेच्या कठड्याला ठेवलीय. सकाळी ऊन समोरून येतं, म्हणजे मी घरातून बघितलं तर पक्षी उजेडाच्या विरुद्ध येणार ना?

केतकी_सनीवेल

हो, सकाळी गळा काळा येईल. पण पंखांतून ऊन आरपार येतं, ते फार देखणं दिसतं. मागे गडद काही असेल तर करून बघ, शटर तेच ठेव आणि एक्स्पोजर पंखांवर लाव. गळ्यासाठी दुपारी चारनंतर बस, तेव्हा ऊन घरामागून येईल. ते कठड्यापर्यंत पोचतं का ते आज एकदा बघून ठेव. इमारतीची सावली पडत असेल तर कुंडी टोकाच्या कोपऱ्यात सरकवावी लागेल.